पंधरा मिनिटं

नव्या मेट्रनबाई दारात आल्या आणि परिचारिकांच्या खोलीतलं बोलणं तुटलं. त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या. रात्रपाळीच्या परिचारिका दिवसपाळीला एकेका रुग्णाची माहिती सांगू लागल्या. बाई ऐकत राहिल्या.

ही माहिती रुग्णाच्या खाटेपाशी उभं राहूनच द्यायची, असा बदल त्यांना घडवायचा होता. चार महिन्यांपूर्वी याच बंद खोलीत सातव्या आणि नवव्या खाटेची गल्लत झाली आणि एका बाळंतिणीला भलतंच इंजेक्शन गेलं. थोडक्यात वाचली बिचारी. आधीच्या मेट्रननी त्यावर तीन परिपत्रकं काढली. तिन्ही केराच्या टोपलीत गेली.

बाईंनी चौथं काढलं नाही. महिनाभर त्या रोज पाळी बदलताना नुसत्या येऊन बसल्या. मागे कुजबुज व्हायची, "हेरगिरी चाललीय." डबा त्या आपल्या केबिनमध्ये एकट्याच खायच्या. घरीही बोलायला कुणी नव्हतं. मुलगी परगावी, तिचा फोन रविवारी.

महिन्याअखेर त्यांच्या लक्षात आलं. आठ तासांत या बायका बूड टेकत होत्या ती फक्त माहिती देण्याघेण्याची ही पंधरा मिनिटं. परिपत्रक नेमकी तीच हिरावून घेत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचं टेबल व्हरांड्यात काढलं. रिकाम्या केबिनमध्ये सहा खुर्च्या मांडल्या, चहाची किटली ठेवली. "पाळीत आळीपाळीने येऊन बसत जा. वीस मिनिटं," एवढंच म्हणाल्या. खाटेचा विषयही काढला नाही.

आठवड्याने सर्वांत जुन्या सिस्टर टेबलापुढे येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या जिभेला अख्खा वॉर्ड वचकून असे.

"सोमवारपासून खाटेपाशीच सांगू. सगळ्यांशी बोललेय मी."

बाईंनी मान हलवली. इतक्या दिवसांचं काम फळाला आलं होतं, पण ते सांगायचं कुणाला? केबिनमधून हसण्याचा आवाज आला. सिस्टर तिकडे वळल्या.

"सिस्टर," बाईंचा आवाज जरा चाचरला. "मी आत आले तर चालेल? चहाला."

सिस्टर मागे फिरल्या.

"अहो बाई, आम्हाला वाटलं, तुम्हाला एकटंच बसायला आवडतं."