नऊ नंबरची गाडी

नाशिक रोडला मेथी-कोथिंबीर विकणाऱ्या चतुराबाईच्या डोळ्यांदेखत एका पांढऱ्या गाडीनं तिच्या नवऱ्याला, वाल्मीकला उडवलं आणि गाडी न थांबता निघून गेली. वाल्मीकच्या मांडीचं हाड मोडलं. त्याला दवाखान्यात भरती करून ती तशीच पोलीस चौकीवर आली.

"नंबर पाहिला का, मावशी?" हवालदारानं पेन उघडत विचारलं.

"पायला ना. इंग्रजी अक्षरं मला येत नाय, पण आकडे येत्यात. तीन शून्य आन् नऊ."

हवालदाराचा हात थांबला. हा नंबर कोणाचा, हे अख्ख्या भागाला ठाऊक होतं. लोकांनी लांबूनच ओळखावं आणि बाजूला व्हावं, म्हणून तिथले पुढारी भाऊसाहेब यांनी घरच्या प्रत्येक गाडीला हाच नंबर घेतला होता.

"मावशी, अशा आठ गाड्या आहेत भाऊसाहेबांकडे. आठही पांढऱ्या, आठही नऊ नंबरच्या." त्यानं पेनाला टोपण लावलं. "अक्षरं सांगता येत नाहीत, मग मी नेमकी कोणती गाडी लिहू? उगाच मोठ्या माणसाचं नाव खराब व्हायचं. जा, नवऱ्याकडे बघा."

चतुराबाई जागची हलली नाही. तिनं टेबलावरचं पेन उचललं, टोपण काढलं आणि त्याच्यापुढे धरलं.



"गाड्या आठ हायेत सायेब, पण मालक तर एकच हाय ना? त्याचं नाव लिवा. गाडी कोणती, ते तोच सांगंल."