मूळ व्हिडिओ

आई मूकबधिर होती. नातवासाठी ती हातांच्या खुणांनी गोष्टी सांगायची, टॅबलेटवर व्हिडिओ करायची आणि परगावच्या लेकीच्या फोनवर धाडायची. हल्ली त्या व्हिडिओंत तिची बोटं अडखळायची. "आजी तोतरं बोलते," नातू कुरकुरला. "आजी नाही रे, फोन तोतरा आहे. पाठवताना व्हिडिओचा पार चोथा करतो," लेकीने समजूत काढली. हे तिने आईलाही कळवलं, तेव्हा आईने हसरा चेहरा पाठवला. माहेरी येताच लेकीने टॅबलेटला वायर जोडली, मूळ व्हिडिओ जसेच्या तसे लॅपटॉपवर उतरवले आणि कालचा लावून पाहिला. चित्र लख्ख होतं. आईच्या चष्म्यावरचा ओरखडासुद्धा दिसत होता. बोटं मात्र तशीच अडखळत होती. लेकीने मान वर केली. आईने थरथरता उजवा हात मांडीवरच्या उशीखाली सरकवला आणि डाव्याने खुणा केल्या, "त्याला सांग, फोनच तोतरा आहे."