पाटीवरचे पाच शब्द

दुपारच्या शांततेत ट्रंकेची कडी खटकन वाजली, तशी लेक धावत आली. तिची आई नटी. नव्या मूकपटासाठी चार महिने परगावी निघालेली. रंगमंचावर तिने दहा वर्षं क्षयाने खंगलेली आई केली होती. आपला रोग लागू नये म्हणून बाळाला नणंदेच्या दारात ठेवताना ती जे बोलायची, त्याने दगडालाही पाझर फुटायचा. पुढच्या अंकात ती मरायची. त्याच नाटकाचा मूकपट काढताना कंपनीचे मालक म्हणाले, "बाई, पाटीवर पाचच शब्द. जास्त वाचत कोण बसतंय? मरणबिरण काही नको." पडद्यावर मजकुराची पाटी आली: 'निर्दय आई बाळाला टाकून गेली.' तेव्हापासून शेजारीण मुद्दाम मोठ्याने म्हणायची, "हीच ती पोर टाकणारी बया!" काल त्या शेजारणीनेच लेकीला तो मूकपट दाखवला. ट्रंकेवर बसून लेकीने विचारलं, "आई, त्या बाळाची आई परत आली का गं?"