'जी' रांग, चौदा नंबर

आमच्या बेसबॉल स्टेडियमच्या पार्किंगमध्ये गाड्यांना जागा दाखवायचं काम मी एकोणीस वर्षं करतोय. हल्ली रविवारच्या मॅचलाही चार टाळकी येतात, त्यामुळे दाखवायचं काही उरलेलं नाही. तरी ऐंशी ओलांडलेल्या मिस व्हर्नेल आपली जुनी ब्यूइक गाडी दरवेळी थेट टोकाला, 'जी' रांगेत चौदा नंबरवरच नेतात. तिथेच घडीची खुर्ची टाकून उकडलेल्या शेंगा खात बसतात आणि मॅच संपली की निघतात. तिकीट काढतात, पण आत कधी जात नाहीत.

"अहो, अख्खं पार्किंग ओस पडलंय. दाराशी लावा ना!" मी म्हणायचो.

"तुझं काय जातंय, रूफस?"

आज त्या टोकाला बिल्डरचा बोर्ड लागला.

"मिस व्हर्नेल, आता दुसरी जागा बघा," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी इथे घरं बांधतायत."

त्यांनी बोर्डाकडे पाहिलं. मग वाकून डांबरावर सांडलेली टरफलं एकेक करून उचलली.



"घरंच होती रे. हे आमचं स्वयंपाकघर. गाड्यांना जागा पुरणार नाही म्हणून पाडलं."