अस्तराखाली

हेल्मेटच्या अस्तरावर अंगठा दाबला, तर तो खोल आत गेला. मी पुन्हा दाबून पाहिलं. कापडाखाली काही उरलंच नव्हतं.

शर्यतीला दहा मिनिटं होती. तपासणी करून मी हिरवं स्टिकर लावल्याशिवाय कुणालाही मातीच्या ट्रॅकवर जाता येत नाही. समोरची मुलगी अंतिम फेरीत पोचली होती. छातीचं कवच, गुडघ्याचे पॅड, बूट चढवून ती हातमोजे ओढत होती. तिचे वडील बाइकची चेन पुसत होते.

"हेल्मेट कशानं धुता?" मी त्यांना विचारलं.

"पेट्रोलनं. दर शर्यतीनंतर. गॅरेज आहे की आपलं, मॅडम. चिखलाचा वाससुद्धा राहत नाही बघा."

"डोक्याचा मार आतला थर्मोकोल झेलतो. तो पेट्रोलमध्ये विरघळतो."

"लावा हो स्टिकर," मुलगी म्हणाली. "मी काय पडत नाही."

मी हेल्मेट वडिलांपुढे धरलं. त्यांनी अंगठा दाबला. दुसऱ्या हातातलं फडकं खाली पडलं.

"मागच्या महिन्यात पडलीस की," ते हळू म्हणाले. "तेव्हाही हेच होतं."

शिट्टी वाजली. बाकीच्या बाइक सुरुवातीच्या रेषेकडे निघाल्या.

"अण्णा, सांगा ना यांना," ती रडकुंडीला आली.

त्यांनी बाइकचा प्लग काढून खिशात टाकला. मग ते तिच्या केसांतून बोटं फिरवत राहिले, न्हाऊ घालताना बाळाची टाळू चाचपावी तशी.