साक्षीला दोघं

डॉक्टर चार वाजता सही करायला येणार होते. थोरल्याने साडेतीनलाच फोन लावला आणि बाबांचा आत्ताच डोळा लागलाय, आज राहू द्या, असं सांगून टाकलं. बाबा पलीकडच्या खोलीत टक्क जागे होते. समोर राहणाऱ्या मास्तरांनाही त्याने काहीतरी थाप मारून वाटेला लावलं. ठरलेले साक्षीदार दोन, दोघेही कटले.

मग तो खाली वर्कशॉपमध्ये गेला आणि मिस्तरींना हाक मारली.

वर्कशॉप वजनकाट्यांचं. दुकानांतले तराजू, गोदामांतले मोठे काटे, सोनारांचे नाजूक काटे, सगळे इथे दुरुस्तीला यायचे. बाबांनी ते उभं केलं. मिस्तरी तिथे तीस वर्षं राबले, थोरला बावीस. पण गिऱ्हाईक आलं की बाबांचं ठरलेलं वाक्य असायचं, मिस्तरींच्या हाताला कळतं ते माझ्याही हाताला कळत नाही. थोरल्याबद्दल चकार शब्द नाही. ते ऐकून ऐकून त्याचे कान किटले होते.

गेल्या महिन्यात बाबांनी मिस्तरींना वर बोलावून दार लावून घेतलं होतं. तासाभराने मिस्तरी उतरले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. दुसऱ्याच दिवशी वकिलांना बोलावणं गेलं, मृत्युपत्र करायचंय म्हणून. यात न समजण्यासारखं काय होतं? तेव्हापासून थोरल्याच्या तोंडची चव गेली होती.

परवाना, जागा, यंत्रं, पाटीवरचं नाव, सगळं बाबांच्या एकट्याचं. ते लिहून ठेवतील त्याच्या पदरात पडणार. धाकट्या बहिणीची थोरल्याला धास्ती नव्हती. ती परगावी नोकरीत, तिला वर्कशॉप म्हणजे भंगार वाटायचं. भेटली की म्हणायची, दादा, विकून टाक ती जागा आणि मोकळा हो. हा मिस्तरीच खरा काटा होता.

तो काढायची युक्ती थोरल्याला सापडली वकिलांच्याच कचेरीत. बाबांच्या कागदाचं बंद पाकीट न्यायला बाहेर बाकावर बसला असताना भिंतीवर लोकांच्या माहितीसाठी लावलेला एक तक्ता दिसला. मृत्युपत्र करताना घ्यायची काळजी. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं की साक्षीदाराला त्या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही. तेवढ्यात आतून हाक आली आणि तो उठला. त्याला हवं ते मिळालं होतं.

मिस्तरी हात पुसत जिन्याशी आले. "साक्षीला मी कशाला? एखादा शिकलेला माणूस बघ की."

"शिकलेली माणसं आयत्या वेळी तोंडाला पानं पुसतात, मिस्तरी. नुसती सही तर करायची," थोरला हसून म्हणाला.

दुसरं कोण? शेजारपाजारच्या कुणाला बोलवावं तर डॉक्टर का नाहीत, मास्तर का नाहीत, सतरा प्रश्न. त्याने बायकोलाच हाक मारली. बेत तिला ठाऊक होता, तरी ती कुजबुजली, "अहो, माझी सही चालेल ना?"

"तुझ्या नावावर बाबा काय ठेवणार आहेत? तुझं जातंय काय?"

ती पदराला हात पुसत त्याच्यामागे गेली.

बाबा उशीला टेकून बसले होते. मजकुरावर त्यांनी जुनं वर्तमानपत्र झाकलं होतं, सह्यांची जागा तेवढी उघडी. आत आलेल्यांकडे बघून त्यांनी डॉक्टर कुठे म्हणून विचारलं. त्यांना अचानक पेशंट आला, मास्तर गावात नाहीत, असं थोरल्याने सांगितलं. बाबा मिस्तरींकडे बराच वेळ बघत राहिले. आता नको म्हणणार, अशी थोरल्याची खात्रीच झाली. पण बाबा दमले होते. आपलीच माणसं आहेत, असं म्हणून त्यांनी पेन उचललं.

मिस्तरींनी एकेक अक्षर लावून सही केली. बायकोने घाईघाईत गिरगटली. बाबांनी पाकीट स्वतःच्या हाताने चिकटवलं आणि थोरल्याने ते तसंच बंद नेऊन वकिलांच्या तिजोरीत ठेवलं. परतताना त्याला हायसं वाटलं. वर्कशॉपच्या दारात मिस्तरींनी बाबा जेवले का म्हणून विचारलं, तेव्हा मात्र त्याला त्यांच्याकडे मान वर करून बघवेना.

सहा आठवड्यांनी बाबा गेले.

वकिलांच्या टेबलासमोर चौघं बसले. थोरला, त्याची बायको, धाकटी आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत अंग चोरून मिस्तरी. वकिलांनी पाकीट फोडलं आणि वाचायला सुरुवात केली.

"वर्कशॉप, त्याची जागा, यंत्रं आणि पाटीवरचं नाव माझ्या मुलाला. मिस्तरींना मी अर्धी भागी देऊ केली होती. त्यांनी ती घेतली नाही. म्हणाले, धंदा पोराने सांभाळलाय, त्याचे दोन तुकडे करू नका. खरं आहे ते. मला हे त्याच्या तोंडावर कधी बोलता आलं नाही."

थोरल्याला समोरचं दिसेनासं झालं. बावीस वर्षं तो या एका वाक्याला भुकेला होता. उठून मिस्तरींचे हात धरावेत असं त्याला फार वाटलं, पण धीर होईना. मिस्तरी आपले खाली मान घालून बसले होते.

"काही कारणाने मुलाला हे मिळू शकलं नाही, तर सगळं मुलीला," वकिलांनी पुढे वाचलं आणि चष्म्यावरून बघत सांगितलं की हे कलम ते सगळ्यांच्याच कागदात घालतात, वापरायची वेळ सहसा येत नाही. मग त्यांनी पान उलटलं आणि थांबले.

"डॉक्टर आणि मास्तर येणार होते ना सहीला?"

बायकोने थोरल्याकडे बघितलं.

"मी बाबांना बाहेरचीच माणसं घ्यायला सांगितलं होतं. साक्षीदाराला, तसंच त्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला, मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. मिस्तरींचं ठीक आहे, त्यांच्या नावावर काही नाहीच." त्यांनी कागद उजेडाकडे धरला. "ही दुसरी सही लागत नाही. कुणाची आहे?"

"माझी," थोरल्याची बायको म्हणाली.