चौथ्या पाहुण्याचं पानिपत

लालासाहेबांनी अब्दालीचे घोडेस्वार वीतभर पुढे सरकवले आणि विश्वजित खुर्चीच्या कडेला सरकला.

टेबलावर अख्खं पानिपत पसरलं होतं. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे राक्षस वाटावेत इतके चिमुकले धातूचे शिपाई, आणि तरी प्रत्येकाचं पागोटं वेगळं रंगवलेलं. अलीकडे विश्वजितचे मराठे, पलीकडे लालासाहेबांचा अब्दाली. आळीपाळीने चाल करायची, फौजा भिडल्या की फासा टाकायचा.

कराडच्या पंचक्रोशीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. रिटायर सुभेदार लालासाहेबांच्या क्रांतीला बघायला जायचं, तर कांदेपोह्यांआधी पानिपत खेळायचं. जिंकला तर सोयरीक, हरला तर पोहे खाऊन रामराम. आजवर तिघे आले आणि तिघांचंही शब्दशः पानिपत झालं.

विश्वजित चौथा. विट्याचा गडी, वडिलांचं कोइमतूरला सोनं गाळायचं दुकान. तिथल्याच एका क्लबात तो हे चिमुकल्या फौजांचे डाव शिकला होता. पण आज तो डावासाठी आला नव्हता. रहिमतपूरच्या एका लग्नात वरात आणि उसाचा ट्रॅक्टर समोरासमोर अडकले होते. बाप्ये नुसते ओरडत होते. क्रांतीने पदर खोचला, याला मागे घे, त्याला कडेला घे, असं करत रस्ता मोकळा केला. त्या दिवसापासून त्याला दुसरी मुलगी दिसतच नव्हती.

"आवं सुभेदार, जरा दमानं," सोबत आलेले केरबामामा म्हणाले. "एकुलता एक भाचा हाय माझा."

"लढाईत भाचा नसतोय, पावणं." लालासाहेब मिशीवरून हात फिरवत म्हणाले. "क्रांते, च्या आण गं. च्याबिगार माझं डोस्कं चालत न्हाई."

"रोज अर्धा कप पिताय, आन् आज किती वेळा?" आतून क्रांतीच्या आई लीलाबाई कडाडल्या. "साखर वाढली म्हंजे कळंल!"

क्रांती ट्रे घेऊन आली. आधी वडिलांचा कप ठेवला, मग विश्वजितचा. नजर खाली, चार मुलींसारखीच. नखांच्या कडेला तेवढा निळा रंग लागलेला. वडिलांचे शिपाई तीच रंगवून देत असणार, असं त्याला वाटलं.

त्याच्या कपाचा कान मात्र उजव्या हाताला नव्हता. तो डावीकडे होता, थेट इब्राहिमखान गारद्याच्या तोफांकडे.

पहिल्या चहाला त्याला तो योगायोग वाटला होता. तेव्हा कान त्याच्या छातीकडे होता, जणू ‘पुढे जाऊ नको’ म्हणत. तो थांबला, आणि बरं झालं थांबला. आता त्याने घोडी रोखली, तोफांना वाट मोकळी ठेवली. फाशावर सहा! रोहिल्यांची अख्खी रांग आडवी झाली. केरबामामांनी मांडीवर थाप मारली.

विश्वजितचे कान तापले. आनंद तर झालाच, पण लाजही वाटली. ही पोरगी बापाच्या विरोधात आपल्याला चाल सांगतेय! म्हणजे तिलाही आपण हवे आहोत. आता हरून चालणार नव्हतं.

डाव रंगला. मधली फळी दोनदा फुटली, दोनदा सावरली. मग लालासाहेबांनी पुन्हा चहा मागवला.

कप आले. लालासाहेबांनी आपल्या कपाकडे पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या. "आत्ताच?" असं स्वतःशीच पुटपुटले आणि अब्दालीची राखीव फौज सगळीच्या सगळी मधोमध ढकलली. कूस उघडी!

विश्वजितला विश्वास बसेना. एवढा मुरलेला सुभेदार असा चुकेल? सापळा तर नसेल?

त्याने कपाकडे पाहिलं. कान उजवीकडे, शिंदे-होळकरांच्या घोडदळाकडे. ती घोडी हलवली तर आपली उजवी बाजू मोकळी पडणार. असं करू नये, हे क्लबात त्याने शंभरदा ऐकलेलं. क्रांती ट्रे छातीशी धरून कॅलेंडरकडे बघत उभी होती.

क्लबातली शिकवण की पोरगी? त्याने घोडी उचलली आणि राखीव फौजेच्या उघड्या कुशीवर घातली. आता एक सोडून काहीही पडलं तरी चालणार होतं.

फासा गडगडला, बशीला आपटला, गिरकी घेऊन थांबला. पाच!

"हर हर महादेव!" केरबामामांनी अशी आरोळी ठोकली की शेजारची साळूबाई खिडकीशी आली.

लालासाहेब खुर्चीत मागे रेलले. हरलेल्या माणसाच्या तोंडावर इतका आनंद विश्वजितने कधी पाहिला नव्हता. "सुटलो बाबा एकदाचा! पावणं, पोरगी दिली."

सगळे पोह्यांसाठी आत वळले. विश्वजितचा पाय मात्र निघेना. जन्मभराची सोयरीक, तिची सुरुवात लबाडीने नको. बोललो तर हातातलं जाईल, हेही त्याला कळत होतं.

"सुभेदारसाहेब," तो कसाबसा म्हणाला, "एक सांगायचं राहिलं. डाव मी जिंकलो नाही. क्रांती कपाचा कान फिरवून चाल सांगत होती. तिला बोलू नका. काय ते मला बोला."

लालासाहेब वळून परत आले. त्यांनी स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली, मग जवळ सरकून दबक्या आवाजात विचारलं,

"आयला! म्हंजे तुमास्नी बी कपावरनंच सांगत हुती व्हय?"